कृष्णवर्णीय वृत्तपत्रे, जागतिक राजकारण आणि शांतता चळवळ : कार्यकर्त्यांनी वाचावेत असे पाच ग्रंथ

१९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना एक छोटे पत्र लिहिले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी आपल्या हक्कांसाठी संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज केल्याचे त्यांच्या वाचनात आले होते. भारतातील अस्पृश्यही तसाच विचार करीत आहेत, असे कळवून त्यांनी अर्जाच्या दोन-तीन प्रती मागविल्या. ३१ जुलै १९४६ च्या उत्तरात ड्यू बॉइस यांनी अस्पृश्यांविषयी पूर्ण सहानुभूती व्यक्त केली.

हा पत्रव्यवहार आपल्याकडे वारंवार सांगितला जातो. मात्र देशात दाद मिळत नाही म्हणून जगापुढे प्रश्न मांडण्याची ही रीत कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांनी कशी घडवली, याची चर्चा कमी होते. त्यासाठी पुढील पाच इंग्रजी ग्रंथ उपयुक्त आहेत.

१. द आफ्रो-अमेरिकन प्रेस अँड इट्स एडिटर्स (१८९१)
लेखक आय. गारलँड पेन. अमेरिकेतील पहिले कृष्णवर्णीय मालकीचे वृत्तपत्र ‘फ्रीडम्स जर्नल’ १६ मार्च १८२७ रोजी न्यूयॉर्कमध्ये निघाले. तेथपासूनच्या पत्रांची आणि संपादकांची माहिती पेन यांनी जमवली. समाजातल्याच माणसाने वेळीच केलेली ही नोंद आजही अभ्यासकांना उपयोगी पडते.

२. अ क्वेश्चन ऑफ सेडिशन (१९८६)
लेखक पॅट्रिक वॉशबर्न. ३१ जानेवारी १९४२ रोजी ‘पिट्सबर्ग कुरियर’मध्ये जेम्स थॉम्पसन या तरुण कामगाराचे पत्र छापून आले. बाहेर शत्रूवर आणि घरात वर्णभेदावर, असे दोन्हीकडे विजय हवेत, ही त्याची मागणी होती. त्यातून ‘डबल व्ही’ मोहीम उभी राहिली. युद्धकाळात सरकारने कृष्णवर्णीय पत्रांवर पाळत ठेवली, राजद्रोहाचे खटले भरण्याचाही विचार झाला. ते खटले का टळले, हे या ग्रंथात सविस्तर वाचायला मिळते.

३. रेस अगेन्स्ट एम्पायर (१९९७)
लेखिका पेनी व्हॉन एशेन. १९३७ ते १९५७ या काळात कृष्णवर्णीय पत्रे आफ्रिका, कॅरिबियन आणि भारतातील वसाहतविरोधी लढ्यांच्या बातम्या आपल्याच प्रश्नाचा भाग म्हणून देत होती. जॉर्ज पॅडमोर लंडनहून त्यांच्यासाठी लिहीत. शीतयुद्ध सुरू झाल्यावर ही दृष्टी कशी आक्रसली, हा ग्रंथाचा महत्त्वाचा भाग आहे.

४. आइज ऑफ द प्राइझ (२००३)
लेखिका कॅरल अँडरसन. ऑक्टोबर १९४७ मध्ये कृष्णवर्णीयांच्या राष्ट्रीय संघटनेने ड्यू बॉइस यांच्या संपादनाखाली तयार झालेले निवेदन संयुक्त राष्ट्रसंघाला दिले. मानवी हक्कांची भाषा बोलणाऱ्या अमेरिकेने ते पुढे सरकू दिले नाही. पुढे साम्यवादी ठरवले जाण्याच्या भीतीने मानवी हक्कांची व्यापक मागणी मागे पडली आणि चळवळ नागरी हक्कांपुरती मर्यादित झाली, असे अँडरसन दाखवतात.

५. इन बॅटल फॉर पीस (१९५२)
लेखक स्वतः ड्यू बॉइस. १९१० पासून २४ वर्षे त्यांनी ‘द क्रायसिस’ हे मासिक संपादित केले होते. १९५० मध्ये त्यांनी अण्वस्त्रबंदीच्या स्टॉकहोम आवाहनासाठी सह्या गोळा करणाऱ्या केंद्राचे नेतृत्व केले. १९५१ मध्ये, वयाच्या ८३ व्या वर्षी, परकीय हस्तक असल्याचा खटला त्यांच्यावर भरला गेला. त्यात ते निर्दोष सुटले, तरी त्यानंतरही अनेक वर्षे त्यांना पासपोर्ट मिळाला नाही.

आपल्यासाठी काय?
हे ग्रंथ लिहिले गेले, कारण जुने अंक आणि पत्रे कोणीतरी जपली होती. बाबासाहेबांचे ते पत्र आज मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ग्रंथालयात, ड्यू बॉइस यांच्या कागदपत्रांत वाचता येते. आपल्याकडे ‘मूकनायक’ (१९२०), ‘बहिष्कृत भारत’ (१९२७), ‘जनता’ (१९३०) आणि ‘प्रबुद्ध भारत’ (१९५६) ही परंपरा आहे. नंतरच्या काळातही कितीतरी साप्ताहिके, जयंती विशेषांक आणि संघटनांची मुखपत्रे जिल्ह्याजिल्ह्यांतून निघाली. त्यांचे अंक अनेक जुन्या कार्यकर्त्यांच्या घरी पेट्यांत पडून आहेत आणि घर बदलताना रद्दीत जातात.

तरुणांच्या एखाद्या गटाने आपल्या तालुक्यातील असे अंक शोधावेत, त्यांची तारीखवार यादी करावी, मोबाईलवर पानांचे फोटो काढून ठेवावेत आणि मूळ प्रती विहाराच्या ग्रंथालयात द्याव्यात. आपल्या पत्रकारितेवर उद्या संशोधन करणाऱ्याला पहिला आधार याच यादीचा असेल.