गायरान 'मोकळं' कधीच नव्हतं!

सौर प्रकल्पाच्या जागेबद्दल प्रश्न विचारला की 'तुम्ही विकासाच्या विरोधात आहात' असा शिक्का मारला जातो. म्हणून आम्ही सुरुवातीलाच सांगतो, आम्हाला सौर वीज हवी आहे. विजेचा आग्रह ही आपलीच परंपरा आहे.

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांकडे पाटबंधारे आणि वीज ही खातीही होती. वीज स्वस्त आणि मुबलक असल्याशिवाय उद्योग वाढणार नाहीत आणि उद्योग वाढल्याशिवाय शेतीवरचा माणसांचा भार हटणार नाही, ही त्यांची मांडणी होती. १९१८ च्या लहान शेतजमिनींवरील निबंधातच तिचं मूळ आहे.

सौर विजेचा फायदाही खरा आहे. कोळसा जळत नाही, राख उडत नाही. शेतीपंपाला दिवसा वीज मिळते. रात्रीच्या विजेवर पाण्याची पाळी धरायला अंधारात, साप-विंचवात बऱ्याचदा सालगडी किंवा मजूरच उभा असतो. दिवसाची वीज त्याचाही जीव वाचवते.

पण सूर्यप्रकाश फुकट असला तरी पॅनेलला जमीन लागते. एका मेगावॅटला साधारण चार ते पाच एकर. २०१७ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये आला, तेव्हा उद्दिष्ट होतं ७,००० मेगावॅटचं. म्हणजे अंदाजे २८ ते ३५ हजार एकर. या योजनेत खाजगी जमीनमालकाला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं ठरलं आणि सरकारी जमीन नाममात्र भाड्याने देण्याचं ठरलं. या सरकारी जमिनीत गायरानं आली. सगळा प्रश्न इथे आहे. कागदावर 'मोकळी' दिसणारी ही जमीन खरंच मोकळी आहे का?

इतिहास 'नाही' म्हणतो. महार वतनातली गुलामी संपवण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक आणलं. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतनं रद्द झाली, पण समाजातला मोठा हिस्सा भूमिहीनच राहिला. १९५३ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने मराठवाड्यात पडीक सरकारी जमिनीसाठी सत्याग्रह केला. १९५९ मध्ये कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली पुन्हा लढा उभा राहिला. ६ डिसेंबर १९६४ पासून रिपब्लिकन पक्षाने देशव्यापी सत्याग्रह केला. हजारो स्त्री-पुरुष तुरुंगात गेले. मागणी साधी होती : पडीक जमीन भूमिहीनांना द्या.

याच लढ्यांच्या रेट्याने १९९१ च्या शासन निर्णयात १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची गायरानावरील अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं. पण निर्णय झाला म्हणजे सातबारा मिळाला, असं झालं नाही. अनेक कुटुंबं आजही दगडगोटे वेचून तयार केलेली जमीन कसतात आणि त्यांचं नाव असतं ते गाव नमुना एक-ई मध्ये, म्हणजे अतिक्रमणाच्या नोंदवहीत. अनेकांचं तर तिथेही नाही.

आता हिशोब बघा. शेजारच्या सातबारावाल्याने जमीन दिली तर त्याला भाडं. गायरान दिलं तर ग्रामपंचायतीला अनुदान आणि कसणाऱ्याला नोटीस. सूर्य सगळ्यांना सारखाच, पण भाडं मात्र सातबारा बघून!

शेजारच्या कर्नाटकातही हेच दिसलं. तुमकूर जिल्ह्यातल्या पावगडा सोलर पार्कसाठी सुमारे १३,००० एकर जमीन भाड्याने घेतली. दुष्काळी भागातल्या जमीनमालकांना एकरी वर्षाला २१,००० रुपये मिळू लागले, हे चांगलंच झालं. पण भूमिहीन मजुरांचं शेतातलं काम गेलं आणि भाड्यात त्यांचा वाटा नव्हता. तिथे जमीन सक्तीने घेतली नव्हती, तरीही मजूर हिशोबाबाहेर राहिला.

बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये शेतजमीन राज्याच्या मालकीची करून जातिभेद न करता गावकऱ्यांना सामूहिक शेतीसाठी द्यावी, असं मांडलं होतं. जमीनदार नको, कूळ नको, भूमिहीन मजूरही नको. सरकारी जमिनीवर उभ्या राहणाऱ्या सौर प्रकल्पाला हीच कसोटी लावली पाहिजे.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. गायरान प्रकल्पाला देण्याआधी १९९० पूर्वीचे सगळे दावे निकाली काढा. ग्रामसभेत कसणाऱ्यांची यादी वाचा. प्रकल्प उभा राहिलाच तर कसणाऱ्याला आणि भूमिहीन मजुरालाही वार्षिक भाड्यात वाटा द्या. इमारतींची छपरं आधी वापरा.

आणि कार्यकर्त्यांनो, मोर्चाआधी तलाठी कार्यालयात जा. एक-ई चा उतारा, दंडाच्या पावत्या, जुने पंचनामे गोळा करा. २०११ च्या जगपाल सिंग निकालाचं नाव घेऊन तुम्हाला हटवायला येतील, तेव्हा त्याच निकालाचा शेवट वाचून दाखवा. शासन अधिसूचनेनुसार भूमिहीन मजूर किंवा अनुसूचित जाती-जमातींना पट्टा दिला असेल, तर अपवाद म्हणून नियमितीकरणाची वाट न्यायालयाने त्यातच ठेवली आहे. म्हणूनच पट्टा आज मागायला हवा. पॅनेल बसल्यावर पुरावा दाखवायला शेत उरणार नाही.

जय भीम!