तिरकामठा आणि नागलीचा तुकडा

आश्विन वद्य द्वादशीला आमच्या त्र्यंबक गावात गाईवासराची पूजा होते. आमच्या बायका त्या दिवसाला वसुबारस म्हणतात. पण ब्रह्मगिरीला वळसा घालून हरसूलच्या वाटेला लागावे, तो त्याच तिथीचे नाव बदलते. तेथे ती वाघबारस होते. गुराखी पोरे घरोघरचे दूध-तांदूळ गोळा करून रानात वाघदेवापुढे खीर शिजवतात. वाघदेव म्हणजे शेंदूर माखलेला दगड, नाहीतर लाकडाची एक फळी. तिच्यावर वाघ कोरलेला आणि वर चंद्र-सूर्य. एकाच दिवशी डोंगराच्या या अंगाला गाईची पूजा आणि त्या अंगाला तिला खाणाऱ्याची! लहानपणी मला याचे फार हसू येई. आता येत नाही.

हे सारे आठवायला एक निमित्त घडले. काही वर्षांपूर्वी दिवाळीची झाडलोट करताना आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर एक तिरकामठा सापडला. कामठा माझ्या खांद्याला लागेल एवढा, धुराने काळवंडलेला, आणि सोबत जुन्या उपरण्यात गुंडाळलेले पाच बाण. आम्ही तीर्थोपाध्ये. पोथ्या, पळी-पंचपात्री, यजमानांच्या वंशावळींच्या वह्या ही आमची इस्टेट. आमच्या माळ्यावर कामठा कोठून आला?

उत्तर आजोबांच्या खासगी वहीत मिळाले. आजोबा मोडी लिहीत. शके १८८०च्या ज्येष्ठातली, म्हणजे १९५८ सालची, ती नोंद दोन ओळींची आहे. डोंगरामागच्या एका पाड्यावरच्या ठाकराला दळीच्या तुकड्याच्या पेऱ्यासाठी नागली दोन पायली दिली. तिरकामठा एक ठेवून घेतला. खाली निराळ्या शाईने लिहिले आहे : दिढीने तीन पायली पावली.

म्हणजे बियाणे फिटले, वाढही फिटली. कामठा मात्र माळ्यावरच राहिला.

तो म्हातारा मला आठवतो. श्रावणात बेलाचे भारे घेऊन तो येई आणि ओटीच्या पायरीवर बसून आजीला हाक मारी, "माय, बेल आणलाय." आम्ही मुले त्याला बाबा म्हणत असू. मी आठ वर्षांचा असेन. कामठ्याचे वेड मला तेव्हा लागले होते आणि त्या बाबाइतका मोठा पंडित मला गावात दुसरा दिसत नव्हता.

त्याच्या तोंडून ऐकलेले बरेचसे अजून लक्षात आहे. कामठ्याला वेळू निवडायचा तो पोकळ नव्हे, भरीव; एका पावसाचा कोवळा नव्हे, तीन पावसाळे खाल्लेला. तोडायचा तो पावसाळा सरल्यावर आणि अंधाऱ्या पक्षात, म्हणजे त्याला कीड धरत नाही. पक्षाची गोष्ट खरी-खोटी देव जाणे. पण वेळूला पोखरणारा किडा त्याच्यातल्या पिठावर जगतो, आणि जून वेळूत ते पीठ कमी असते, एवढे आजचे शास्त्रही सांगते. कामठा धरणाऱ्याच्या उंचीवर बेतायचा. दुसऱ्याचा कामठा म्हणजे दुसऱ्याची वहाण. दोरीसाठी सूत नको, कातडे नको. वेळूचीच पट्टी बारीक तासून घ्यायची आणि टोकांना वाखाने बांधायची, कारण सह्याद्रीच्या पावसात ताणलेले कातडे सैल पडते. काम झाले की दोरी उतरून ठेवायची. सदा ताणलेला कामठा लवकर म्हातारा होतो, असे तो म्हणे.

बाणाची काडी बोरूची. पाखरासाठी बोथट लाकडी टोक, म्हणजे पाखरू पडते पण फाटत नाही. डुकरासाठी रुंद लोखंडी पाते. येथे मला एक गंमत सुचते. आमच्या आजोबांची लेखणीही बोरूचीच होती. त्याच बोरूचा डोंगरापलीकडे बाण झाला आणि अलीकडे वहीतली नोंद झाली.

शिकारी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जाळीत दडलेला, रोज मांस खाणारा कोणी रानदांडगा उभा राहतो. तसे काही नव्हते. शिकार ही सटीसामासी. रोजचे पोट भरे ते नागलीची भाकर, पहिल्या पावसातले खेकडे, ओहोळातले मासे, मोहाची फुले आणि कंद यांवर. कडूकंद नावाचा एक कंद आहे. तो राखेच्या पाण्यात पुनःपुन्हा उकळल्यावाचून घशाखाली उतरत नाही. ज्या घरात कडूकंद शिजू लागला त्या घरातली नागली संपली, असे समजावे.

आणि नागली हीच खरी गोष्ट. उन्हाळ्यात झाडांच्या फांद्या छाटायच्या, पालापाचोळा आणि शेण यांचा थर उताराच्या एका तुकड्यावर पसरून जाळायचा. त्याला राब म्हणतात. मृगाच्या तोंडावर त्या राखेत बी फेकायचे आणि आषाढात रोपे उपटून लावणी करायची. पहिल्या वर्षी नागली, मग वरई, मग खुरासणी, आणि नंतर तो तुकडा पडीक टाकून दुसरीकडे जायचे. याला दळी म्हणत. नांगर जेथे उभा राहत नाही तेथे माणूस असे पीक काढी. पीक दाण्यावर येते ते नेमके आश्विनात, आणि रानडुकरांनाही तोच मुहूर्त साधतो. एका रात्रीत एक कळप सबंध तुकडा लोळवून टाकतो. म्हणून तुकड्याच्या कडेला चार खांबांवर माळा बांधायचा, शेकोटी पेटती ठेवायची, गोफण आणि कामठा जवळ घेऊन रात्र काढायची. गावात आपण आकाशकंदील लावतो त्या दिवसांत डोंगरावरचे दिवे ते हे.

तेव्हा शिकार आणि शेती हे दोन धंदे नव्हतेच. डुक्कर पडले तर मांस मिळे आणि नागलीही वाचे. कामठा हा त्या तुकड्याचा कुंपण-राखण्या होता. हे एक ध्यानात घेतले, म्हणजे पुढचा इतिहास उलगडतो.

आणि आपण देवळात बसणाऱ्यांनी तरी त्याचे नवल का करावे? आमच्या त्र्यंबकराजाने अर्जुनाची परीक्षा घेतली ती किराताच्या वेषात, आणि दोघांचे भांडण लागले ते एका डुकरावरूनच. १७१८ साली श्रीधरस्वामींनी पुऱ्या केलेल्या शिवलीलामृताच्या दुसऱ्या अध्यायात ज्या व्याधाची कथा आहे, तोही बेलाच्या झाडावर रात्रभर टपून बसलेला. आमच्या घरात महाशिवरात्रीला तो अध्याय वाचीत आणि श्रावणात बेल घेऊन येणारा व्याध पायरीवरच बसे. आमच्या थोर वह्यांत काशीपासून कर्नाटकापर्यंतच्या यजमानांच्या सात-सात पिढ्या नोंदल्या आहेत. डोंगरामागच्या पाड्यांची नोंद एकच सापडली, तीही उसनवारीची.

सरकारी कागदांत हे लोक दिसू लागतात ते भांडणाच्या प्रसंगी. १८१८च्या एप्रिलात त्र्यंबकचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. घाट राखणारे कोळी नाईक पिढीजात हक्कांना मुकू लागले, आणि पुढची तीस-चाळीस वर्षे या डोंगरांत धुमसत राहिली. राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ रोजी ठाण्याला फाशी झाली. १८५७च्या ऑक्टोबरात सिन्नरकडे नांदूर शिंगोट्याजवळ भागोजी नाइकांच्या भिल्लांशी झालेल्या चकमकीत लेफ्टनंट हेन्री हा पोलीस अधिकारी पडला. आणि त्याच वर्षी डिसेंबरात भिल्ल आणि ठाकर यांनी खुद्द त्र्यंबकचा खजिना लुटण्यासाठी हल्ला केला. मागाहून डोंगर पिंजून काढले गेले. १८५९च्या नोव्हेंबरात भागोजी मारले गेले. ही हकिगत आता बरीच लिहिली गेली आहे, म्हणून मी तेथे थांबत नाही.

कारण माझ्या मते या डोंगराचे खरे वर्ष १८५७ नव्हे, १८७८ हे आहे. त्या वर्षी दोन कायदे झाले. सातव्या क्रमांकाचा कायदा जंगलाचा. त्याने सरकारला राखीव रान ठरवण्याचा अधिकार दिला, आणि राबाची फांदी तोडणे, दळीसाठी तुकडा जाळणे हे अपराधांच्या यादीत जाऊन बसले. अकराव्या क्रमांकाचा कायदा हत्यारांचा. त्यात हत्यारे कशाला म्हणावे हे सांगताना बंदुका, तलवारी, भाले यांच्या पंक्तीला धनुष्यबाणही बसवले आहेत. एका वर्षात एका कलमाने तुकडा गेला आणि दुसऱ्याने तुकड्याची राखण. हे ठरवून झाले असे मी म्हणत नाही; सरकारी कचेऱ्यांत डाव्या हाताचे उजव्याला क्वचितच ठाऊक असते. शिवाय पाड्यापाड्यांत शिपाई पोचणार तरी किती? कामठे राहिले, पण लपून राहिले.

याच इंग्रजांच्या स्वतःच्या देशात १२१७ साली, दहा वर्षांच्या तिसऱ्या हेन्रीच्या नावाने, रानाची एक सनद निघाली होती. राजाचे हरीण मारले म्हणून कोणाचा जीव किंवा अवयव घेतला जाणार नाही, आणि रानातल्या लोकांचे गुरे चारण्याचे आणि इतर हक्क राहतील, असे तिच्यात लिहिले होते. ती सनद १९७१पर्यंत तेथल्या कायद्यात जिवंत होती. बोटीतून उतरताना ती बरोबर आणायचे राहून गेले, एवढेच!

राबाची तक्रार मात्र इतकी वाढली की मुंबई सरकारला १८८५ ते १८८७ या काळात एक जंगल कमिशन बसवावे लागले. ठाणे-कुलाब्याच्या शेतकऱ्यांचे गाऱ्हाणे त्याच्यापुढे आले. पुढे काही ठिकाणी जमिनी वर्षावर्षाच्या बोलीने मिळू लागल्या. त्यांना एकसाली म्हणत. अशा तुकड्यांना डोंगरात 'प्लॉट' असेही म्हणतात. आज त्र्यंबक तालुक्यातली निरक्षर म्हातारीसुद्धा "आमचा प्लॉट" असेच म्हणते.

स्वराज्य आले. १९७२ साली वन्यजीवांच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि शिकारीवर कडक बंधने आली. तो कायदा व्हायलाच हवा होता, असे मला वाटते. हौशी बंदूकवाल्यांनी रान रिकामे केले होते, आणि ज्या वाघदेवापुढे खीर शिजते तो वाघ आमच्या डोंगरात फळीवरच उरला. पण ज्यांनी रान रिकामे केले ते आणि माळ्यावर जागणारा बाबा यांना एकाच मापाने मोजले गेले, हेही खरे.

मग २००६ साली वनहक्कांचा कायदा आला. १३ डिसेंबर २००५च्या आधीपासून आदिवासी जी वनजमीन कसत होता, ती चार हेक्टरांपर्यंत त्याच्या नावे व्हावी, असे त्याने ठरवले. मात्र त्यातच स्पष्ट लिहिले आहे की परंपरेने चालत आलेला शिकारीचा हक्क यात धरलेला नाही. १८७८ने दोन्ही घेतले. २००६ने त्यातले एक परत करू केले. तेही सहजी नव्हे. मार्च २०१८मध्ये नाशिकहून मुंबईला हजारो शेतकरी पायी निघाले, त्यांत आमच्याकडचे वनजमिनीवाले फार होते. सहा तारखेला मी नाशकात होतो. लाल टोप्यांच्या त्या रांगेत अनवाणी म्हातारी माणसे पाहिली, आणि सहा दिवसांनी त्यांच्या सोललेल्या तळव्यांची चित्रे सगळ्या वर्तमानपत्रांत आली.

जमीन कसत होतो याला पुरावा लागतो. आणि येथे नियतीने एक थट्टा केली आहे. अतिक्रमण केले म्हणून बापजाद्यांनी ज्या दंडाच्या पावत्या भरल्या, त्याच पावत्या आता नातवांना पुरावा म्हणून उपयोगी पडतात. ज्याने गुमान दंड भरून कागद जपून ठेवला तो शहाणा ठरला. ज्याच्या झोपडीत पावसाने कागद कुजला तो अडला.

माळ्यावर कामठा सापडला त्या वर्षी, वाघबारशीच्या दिवशी, मी तो घेऊन पाड्यावर गेलो. बाबा जाऊन पन्नास वर्षे होत आली. त्याचा नातू पन्नाशीचा, मला पाहून तो उठला आणि म्हणाला, "या गुरुजी, वाट चुकले का काय?" मी घडलेली हकिगत सांगितली, दिढीसुद्धा सांगितली, ते सांगताना माझी मान वर होईना. त्याने कामठा हातात घेतला, उभा धरून खांद्याशी मापला, अंगठ्याने वाकवून पाहिला.

"आजा ठेंगणा व्हता," तो म्हणाला. "हा माझ्या मापाचा नाही."

मग त्याने तो पडवीच्या आढ्याला खोचून ठेवला. राखणीला तो आता पत्र्याचा डबा आणि बॅटरी घेऊन जातो. डुकरे डब्याला भीत नाहीत. नुकसानीचा पंचनामा करायला माणूस यावा लागतो आणि त्याला यायला वेळ लागतो. बोलता बोलता त्याने विचारले, वहीत कोणते साल लिहिले आहे. मी म्हणालो, १९५८.

"आणि तुकड्याचं नाव लिव्हलंय? दळी म्हणून?"

"लिहिले आहे."

तो थोडा वेळ गप्प बसला. त्याचा दावा तालुक्याला पडून होता. आजाच्या वेळची एकही पावती घरात नव्हती. मग हळूच म्हणाला, "कामठा राहू द्या गुरुजी. ती वही आणली का?"

वही घरी राहिली होती. आमच्या घराण्यात वही उंबऱ्याबाहेर नेत नाहीत. यजमानच वहीपाशी येतो. मी भाऊबीजेला पुन्हा गेलो, वही उपरण्यात बांधून.