परराज्यातील छोटा व्यवसाय: उद्यम नोंदणी, मुद्रा कर्ज आणि थकलेली मजुरी

चेन्नईच्या जॉर्ज टाउनमधील साहुकारपेट भागात सांगली जिल्ह्यातून आलेले गलाई बांधव सोने-चांदी गाळण्याचे काम करतात. हातात कसब असूनही असा व्यवसाय एका भट्टीपुढे वाढत नाही, याची नेहमीची कारणे तीन: व्यवसायाची नोंद नसणे, भांडवल नसणे आणि मजुरी वेळेवर न मिळणे. आपणही परराज्यात व्यवसाय करत असाल, तर पुढील क्रमाने जा.

१. आधी नोंदणी करा
उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे. ती सरकारी पोर्टलवर पूर्णपणे मोफत होते. आधार आणि पॅन लागते, कागदपत्रे अपलोड करावी लागत नाहीत. आधारवर गावचा पत्ता असला तरी व्यवसायाचा पत्ता म्हणून चेन्नईतील जागेचाच पत्ता भरा. कोणी शुल्क मागितल्यास देऊ नका.

२. मग कर्जासाठी अर्ज करा
प्रधानमंत्री मुद्रा योजनेत तारण द्यावे लागत नाही.
• शिशु: ५० हजार रुपयांपर्यंत
• किशोर: ५० हजार ते ५ लाख
• तरुण: ५ ते १० लाख
• तरुण प्लस: १० ते २० लाख (आधीचे ‘तरुण’ कर्ज पूर्ण फेडलेल्यांसाठी)

अर्ज बँकेत किंवा जनसमर्थ पोर्टलवर करता येतो. जागेचा भाडेकरार, वीजबिल आणि खात्याचा उतारा जवळ ठेवा. मजुरी रोखीत न घेता खात्यावर घेतल्यास उलाढाल बँकेला दिसते. हे अनुदान नसून कर्ज आहे. ते व्याजासह फेडावे लागते.

३. थकलेली मजुरी मागा
२००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार लेखी करार असल्यास ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. करार नसल्यास ही मुदत १५ दिवसांची आहे. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होते. व्यवसाय चेन्नईत असल्याने तक्रार तमिळनाडूच्या सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे ऑनलाइन करावी.

लक्षात ठेवा: पैसे अडकल्यावर केलेली नोंदणी जुन्या थकबाकीसाठी उपयोगी पडेलच असे नाही. म्हणून काम घेण्यापूर्वीच नोंदणी करा आणि प्रत्येक कामाची पावती जपून ठेवा.