भाग: दिंडी हा कव्हर बँडच आहे की!

कव्हर बँड म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? पबमधली गिटार, नाहीतर गणपतीतला ऑर्केस्ट्रा. गाणी दुसऱ्याची, गाणारे हे. आणि मग कुणीतरी नाक मुरडतं, "ह्यांचं स्वतःचं काय?"

आता पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरला चला. निवृत्तिनाथांच्या समाधीची यात्रा असते. कडाक्याच्या थंडीत शेकडो दिंड्या चालत येतात. प्रत्येक दिंडीत एक विणेकरी, पखवाज वाजवणारा आणि दोन रांगांत टाळकरी. एकजण चरण सांगतो, बाकीचे धृपद धरतात. सेटलिस्टही ठरलेली: आधी नामाचा गजर, मग रूपाचे अभंग, आणि सोमवारचे वेगळे, मंगळवारचे वेगळे असे वारांचे अभंग. यातलं एकही गाणं गाणाऱ्यांनी लिहिलेलं नसतं. आणि "तुमचं ओरिजिनल काय?" असं त्यांना कुणी विचारतही नाही.

मला यातली क्रेडिटची सिस्टीम भारी वाटते. अभंगाच्या शेवटी कवीचं नाव गाण्यातच विणलेलं असतं, त्याला नाममुद्रा म्हणतात. आमच्या भाषेत सांगायचं तर मेटाडेटा फाइलच्या आतच! गाणं कितीही तोंडांतून गेलं तरी नाव सोबत जातं. तुकोबा गेले 1650 च्या सुमारास. मुंबई सरकारच्या मदतीने त्यांची गाथा इंदुप्रकाश छापखान्यातून आली 1869 आणि 1873 मध्ये, दोन खंडांत. मधली दोनशेहून जास्त वर्षं अभंग जगले ते हस्तलिखित वह्यांत आणि गाणाऱ्यांच्या गळ्यात.

पण या सिस्टीमला बग आहेच. नाव टाकलं की कुणाचंही गाणं संताचं होऊ शकतं. 1936 च्या 'संत तुकाराम' चित्रपटासाठी शांताराम आठवल्यांनी एक गाणं लिहिलं. ते इतकं जमलं की लोक ते तुकोबांचाच अभंग समजायला लागले. कवीसाठी ही दाद म्हणायची की नाव पुसलं जाणं? दोन्ही.

आता खरा अवघड मुद्दा. दिंड्या चोखोबांचे अभंग शतकानुशतकं गात आल्या. पण त्याच चोखोबांच्या जातीतल्या माणसांना पंढरपूरच्या देवळात जाता येत नव्हतं. त्यासाठी मे 1947 मध्ये साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. इरावती कर्वे वारीत चालल्या आणि त्यांनी 'वाटचाल' या लेखात लिहून ठेवलं, की एकत्र गाणारी माणसं जेवायला मात्र जातीप्रमाणे वेगळी बसत होती. म्हणजे गाणं घेतलं, गाणाऱ्याला पंगतीत घेतलं नाही.

म्हणून मला वाटतं, दुसऱ्याचं गाणं गाण्यात कमीपणा काहीच नाही. त्र्यंबकच्या वाटेवर तर ते जपणं आहे, पुढे देणं आहे. फक्त ज्याचं गाणं आपण गातो त्याच्याशी आपण वागतो कसं, हा हिशोब नाममुद्रेवर संपत नाही.

तर पुढच्या वेळी कुणी "हे काय, कव्हरच तर आहे" म्हणालं, की हा भाग त्याला फॉरवर्ड करा. आणि तुमच्या गावच्या दिंडीत सोयराबाईंचे, जनाबाईंचे अभंग गातात का, तेही ऐकून या आणि आम्हाला कळवा. भेटूया पुढच्या भागात. राम कृष्ण हरी!