मुरांब्याच्या बरणींतील इतिहास

मुरांबा म्हणजे मुरलेला आंबा, ही व्युत्पत्ति आपल्याकडे घरोघर ऐकावयास मिळते. ती इतकी सहजसुंदर आहे कीं, तिच्याविषयीं शंका घेणें म्हणजे घरांतील वडील माणसाच्या बोलण्यांत चूक काढण्यासारखें वाटतें. परंतु इतिहासाच्या अभ्यासकास हा संकोच बाळगून चालत नाहीं. हा शब्द मूळचा अरबी. ‘मुरब्बा’ म्हणजे जोपासलेलें, पाकांत घालून राखलेलें फळ. फारसीच्या मार्गानें तो आपल्या देशांत आला, आणि मराठीच्या तोंडीं पडतांच ‘मुरणें’ व ‘आंबा’ या आपल्या ओळखीच्या दोन शब्दांचा पोषाख त्यानें अंगावर चढविला. पुढें त्याच धर्तीवर आवळ्याचा ‘मोरावळा’ झाला, आणि परका पाहुणा घरचा माणूस होऊन बसला.

मौज अशी कीं, असाच प्रकार इंग्रजांच्या घरींही घडला आहे. स्कॉटलंडची राणी मेरी आजारी असतां तिच्यासाठीं फळाचा एक गोड पाक केला, व फ्रेंच भाषेंतील ‘आजारी मेरी’ या अर्थाच्या शब्दांवरून त्याचें नांव ‘मार्मलेड’ पडलें, अशी कथा तिकडे सांगतात. मेरीचा जन्म १५४२ सालचा. आणि तिच्या आजीचा भाऊ जो आठवा हेन्री, त्याला मार्मलेडची पेटी नजर केल्याची नोंद १५२४ सालची आहे! तेव्हां या कथेची वासलात लावावयास एवढी एकच नोंद पुरे. खरा शब्द पोर्तुगीज. ‘मार्मेलु’ म्हणजे सफरचंदाच्या कुळांतील एक कठीण, तुरट फळ. इंग्रज त्यास क्विन्स म्हणतात. आपल्या काष्ठौषधींच्या दुकानांत मिळणारा बिहीदाणा म्हणजे याच फळाच्या बिया. या फळाचा साखरेंत आटवून केलेला घट्ट गोळा तो ‘मार्मेलाद’. तो सुरीनें कापण्याइतका घट्ट असे. म्हणूनच हेन्रीस तो बरणींतून नव्हे, तर पेटींतून मिळाला.

एका पदार्थाच्या दोन नांवांपाशीं मी वाचकांस इतका वेळ थांबविलें, त्यास कारण आहे. स्वयंपाकघर हें इतिहासाच्या बाहेरचें ठिकाण आहे, अशी आपली एक समजूत आहे. लढाया, तह, राज्यारोहणें हा इतिहास. आणि बायका चुलीपाशीं काय रांधीत होत्या, ती घरगुती बाब! परंतु मुरांब्याची एक लहानशी बरणी घेऊन तिच्या तळापर्यंत गेलें, तर वैद्य, व्यापारी, गुलाम आणि गृहिणी असे चौघेही तींत सांपडतात, असें माझें म्हणणें आहे.

प्रथम वैद्य. फळें गोड पाकांत राखण्याची कला ही जिव्हेच्या लालसेंतून नव्हे, तर बहुतेक सर्वत्र औषधाच्या खलबत्त्यांतून जन्मास आली. चरकसंहितेंतील च्यवनप्राश पाहावा. पांचशें आवळे शिजवावयाचे, त्यांच्या बिया काढून गर परतावयाचा, आणि मत्स्यंडिका म्हणजे खडीसाखरेच्या जातीची साखर घालून तो आटवावयाचा. दशमूळादि औषधी क्षणभर बाजूस ठेवल्या, तर उरतो तो आवळ्याचा मुरांबाच होय. ग्रीकांकडे इसवी सनाच्या पहिल्या शतकांत डायोस्कोरिडीस नांवाच्या वैद्यानें बिया काढलेलीं क्विन्सचीं फळें मधांत गच्च भरून ठेवण्याची कृति सांगितली आहे, ती औषध म्हणूनच. साखर मात्र त्यांना अपरिचितच म्हणावयाची. ती आपल्या देशाची देणगी. आपल्या ‘शर्करे’ची फारसींत ‘शकर’, अरबींत ‘सुक्कर’ आणि इंग्रजींत ‘शुगर’ झाली, आणि आपली ‘खांड’ तिकडे ‘कँडी’ होऊन बसली. अरबांनीं उंसाची लागवड मिसर, सिसिली व स्पेनपर्यंत नेली. युरोपांत बराच काळ साखर ही औषधविक्यांच्या दुकानांतील चीज होती. आणि भविष्यवेत्ता म्हणून गाजलेला नॉस्त्रादामुस हा धंद्यानें वैद्य असल्यामुळें, १५५५ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या एका पुस्तकांत अर्ध्या भागांत मुखलेपनें व अर्ध्या भागांत मुरांबे आहेत, याचें आश्चर्य वाटावयास नको.

राजांच्या व वैद्यांच्या कुलुपांतील ही साखर सामान्य गृहिणीच्या फडताळांत कशी आली? या प्रश्नाचें उत्तर मुरांब्याइतकें गोड नाहीं. सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांनीं ब्राझिलांत, आणि सतराव्या शतकाच्या मध्यापासून इंग्रजांनीं बार्बाडोस व पुढें जमेका या बेटांत उंसाचे प्रचंड मळे वसविले. त्या मळ्यांवर राबण्यास आफ्रिकेंतून माणसें पकडून आणलीं. सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत सुमारें सव्वा कोटि माणसें या व्यापारांत जहाजांत कोंबलीं गेलीं, असा इतिहासकारांचा हिशेब आहे. त्यांतील लक्षावधि वाटेंतच मेलीं. जीं पोंचलीं, त्यांतील फार मोठा भाग उंसाच्या मळ्यांच्या वांट्यास गेला. चरकांत हात सांपडणें, उकळत्या रसानें भाजणें, हे तेथील रोजचे प्रकार. साखर स्वस्त झाली ती अशी. इंग्लंडांतील एकाद्या खेड्यांतील बाई अठराव्या शतकांत आपल्या बागेंतील फळें साखरेंत आटवूं लागली, तेव्हां त्या साखरेचा जमाखर्च महासागरापलीकडे कोणाच्या तरी अंगावर लिहिला जात होता.

परंतु येथेंच इतिहासानें एक वळण घेतलें, आणि तें स्वयंपाकघरानें घ्यावयास लाविलें. १७९१ सालीं गुलामांचा व्यापार बंद करण्याचा विल्बरफोर्सचा ठराव पार्लमेंटानें फेटाळला. त्याच वर्षीं विल्यम फॉक्स नांवाच्या गृहस्थानें एक लहानशी पुस्तिका काढून लोकांस विनविलें कीं, पार्लमेंट ऐकत नसेल तर आपण ती साखरच घेणें सोडूं या. हें आवाहन घराघरांत शिरलें. साखर सोडणाऱ्यांची संख्या क्लार्कसन या पुढाऱ्यानें तीन लाखांवर धरली आहे. मत देण्याचा अधिकार ज्यांना नव्हता, त्या स्त्रियांच्या हातीं घरांत काय यावें व काय येऊं नये हें ठरविण्याचा अधिकार मात्र होता, आणि तो त्यांनीं बजावला. १८२० नंतरच्या दशकांत बायकांच्या मंडळ्यांनीं ही चळवळ पुन्हां उचलली. ‘ही पूर्वेकडील हिंदुस्थानची साखर, ही गुलामांनीं केलेली नव्हे’ अशा आशयाचीं अक्षरें असलेलीं साखरेचीं भांडीं त्या काळच्या इंग्रज घरांत चहाच्या मेजावर दिसूं लागलीं. आपल्या देशाच्या नांवाचा हा गौरव वाचून फुशारून जाण्याचें मात्र कारण नाहीं. दास्याला असलेला कायद्याचा आधार हिंदुस्थानांत १८४३ सालीं निघाला. पण मुद्दा असा कीं, १८०७ सालीं व्यापार बंद करणारा आणि १८३३ सालीं ब्रिटिश वसाहतींतील गुलामी नष्ट करणारा कायदा झाला, त्यामागें जें लोकमत उभें होतें, त्याचा कांहीं भाग मुदपाकखान्यांत तयार झालेला होता.

आतां गृहिणीकडे वळूं. तिचें ज्ञान हें निव्वळ सवयीचें, शास्त्र तें निराळें, असें म्हणण्याची सुशिक्षितांत पद्धत आहे. थोडा विचार करूं. फळ पाकांत टिकतें तें कां? साखर पाणी धरून ठेवते, आणि मोकळ्या पाण्यावांचून बुरशीस व किण्वास जगतां येत नाहीं. आपल्या कैरीच्या मुरांब्याचें सारें रहस्य यांत आहे. एकतारी पाक ओळखणारी बोटें पाण्याचें हें प्रमाणच मोजीत असतात. जॅमची गोष्ट याहून थोडी गुंतागुंतीची. तें नुसतें टिकून भागत नाहीं. तें थिजावें लागतें. हें थिजविणारें द्रव्य फळाच्या गरांतच असतें. ब्राकोनो या फ्रेंच रसायनज्ञानें १८२५ सालीं ‘थिजणें’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यास ‘पेक्टिन’ हें नांव दिलें. पेक्टिन, आंबटपणा आणि साखर या तिहींचा मेळ बसला, साखरेचें प्रमाण शेंकडा पासष्टाच्या आसपास आलें, आणि उकळत्या रसाचें उष्णमान १०४ ते १०५ अंशांवर गेलें, कीं जॅम बसतो. पेरू, सफरचंद, क्विन्स, लिंबाच्या जातीच्या फळांची साल यांत पेक्टिन भरपूर, स्ट्रॉबेरींत बेताचें. म्हणून महाबळेश्वराकडील स्ट्रॉबेरीचा जॅम करणारी बाई त्यांत लिंबू पिळते. तिला ब्राकोनो ठाऊक नसेल. पण ब्राकोनोच्या पूर्वीं कित्येक शतकें क्विन्स घट्ट बसतें हें ओळखणाऱ्या बायकांनाही तो ठाऊक नव्हता, आणि त्यांचें कांहीं अडलें नाहीं.

आमच्या गोव्यांतील पेराद हा याचाच दाखला आहे. अमेरिकेंतून पोर्तुगीजांच्या काळांत आलेलें फळ, पोर्तुगीज ‘पेरा’ या शब्दावरून पडलेलें ‘पेरू’ हें नांव, आणि मार्मेलादाच्याच वळणावर आटवून, थापून, वड्या पाडण्याची रीत. बिहीच्या अभावीं तेथील गृहिणीनें नेमकें असें फळ उचललें कीं ज्यांत थिजविण्याचा गुण ओतप्रोत भरलेला आहे. हा केवळ योगायोग म्हणावयास माझें मन तयार होत नाहीं.

आणखी एक गोष्ट. अनुभवी बायका जॅम एका वेळीं थोडाच करतात. एक-दीड किलो फळ, पसरट पातेलें, आणि मोठा जाळ. ‘सगळीं फळें एकदम कां घालीत नाहीं?’ असें विचारल्यास ‘मग तो चांगला होत नाहीं’ एवढेंच उत्तर मिळतें. उत्तर अपुरें आहे, पण अचूक आहे. थोडा रस पसरट भांड्यांत लवकर आटतो. तोच ढीगभर घातला, तर पाणी उडून जाण्यास फार वेळ लागतो. तेवढ्या वेळांत दीर्घ उष्णतेनें पेक्टिन मोडतें, रंग काळवंडतो, आणि फळाचा वास वाफेबरोबर निघून जातो. मग अधिक आटवावें, तों अधिकच चिकट होतें. इंग्लंडांत १८७४ सालीं साखरेवरील जकात उठली, जॅम गरिबाच्या भाकरीवर आला, आणि त्याचे मोठमोठे कारखाने निघाले. तेव्हां त्यांच्यापुढें हीच अडचण उभी राहिली. साखर शुद्ध करण्यासाठीं हॉवर्ड यानें १८१३ सालीं शोधिलेली, हवेचा दाब कमी करून थोड्या उष्णतेवर आटविणारी कढई पुढें जॅमच्या धंद्यानेंही उचलली. जें लहान पातेल्यांत आपोआप साधतें, तें साधण्यास मोठ्या कारखान्यास निर्वात यंत्र लागलें!

लहान पातेल्यांची बेरीज केवढी होते, हें दुसऱ्या महायुद्धांत दिसलें. १९४० सालच्या जानेवारींत ब्रिटनमध्यें साखरेवर नियंत्रण आलें. बागांतून फळें कुजूं लागणार हें पाहून तेथील ‘विमेन्स इन्स्टिट्यूट’ या स्त्रियांच्या ग्रामसंस्थांनीं सरकारकडून निराळी साखर मिळविली, आणि खेड्यापाड्यांतील सभागृहांतून, शाळांतून, घरांच्या चुलींवरून जॅम करण्याची मोहीम चालविली. १९४० ते १९४५ या काळांत त्यांनीं सुमारें ५,३०० टन फळें वांचविलीं. एका वेळीं एक पातेलें, याच हिशेबानें!

आतां वाचकांस एक विनंति करून हा लेख पुरा करतों. राजवाड्यांनीं गांवोगांव हिंडून, वाड्यांच्या माळ्यांवरून वाळवीनें खाल्लेलीं दप्तरें उतरविलीं, म्हणून मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें आज आपल्या हातीं आहेत. तसाच एक कागद आपल्या घरांत पडलेला असण्याचा संभव आहे. कोणा आजीची, पणजीची, हळदीच्या डागांची एक वही. तींत साखरांबा, गुळांबा, मोरावळा यांचीं प्रमाणें, शेर-पावशेराच्या मापांत, अमक्या साली कैरी किती आंबट निघाली या टीपेसह. घर बदलतांना ही वही बहुधा रद्दींत जाते. त्या वहींत साखर किती लिहिली आहे व गूळ किती, यावरून त्या घरीं साखर केव्हां आली, ती महाग होती कीं स्वस्त, कोणतें फळ तेव्हां मिळत होतें, हें सारें समजूं शकतें. लिहिणारीचें नांव बहुधा तींत नसतें, कारण आपण कांहीं लिहिण्याजोगें करीत आहों असें तिला कोणी सांगितलेंच नाहीं. आणि ज्या घरीं वहीही नाहीं, पण सांगणारी कोणी अद्याप आहे, तेथें तिच्यापाशीं बसून तें उतरून घ्यावें. तिनें ‘अंदाजानें’ म्हटलें, तर तिच्या हाताखालीं एकदां लहान पातेलेंभर मुरांबा करून तो अंदाज मोजून घ्यावा. बरणी कांहीं महिन्यांत रिकामी होईल; तो कागद मात्र जपून ठेवावा, आणि त्यावर वर्ष व तिचें नांव अवश्य घालावें.