रमाईचा त्याग, माईसाहेबांवरचा संशय आणि आपला इतिहास

नाशिकमधल्या कोणत्याही जयंतीच्या मंडपात दोन तारखा पोरासोरांनाही पाठ असतात. २ मार्च १९३०, काळाराम मंदिर सत्याग्रह. १३ ऑक्टोबर १९३५, येवल्याची घोषणा. या दोहोंच्या मध्ये आणखी एक तारीख आहे आणि ती आपण येवल्याशी जोडून कधी वाचत नाही. २७ मे १९३५ रोजी दादरच्या राजगृहात रमाई गेल्या. तिथून येवल्यापर्यंत १३९ दिवस होतात. हिंदू म्हणून मरणार नाही, असे येवल्यात जाहीर करणाऱ्या माणसाच्या घरातून साडेचार महिन्यांपूर्वी एक प्रेत उठले होते, आणि जी गेली ती हिंदू म्हणूनच गेली होती.

धर्मांतराची घोषणा रमाईंच्या मृत्यूमुळे झाली, असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पाच वर्षे दरवाजे बंद ठेवणाऱ्या काळारामाच्या पुजाऱ्यांनी आणि त्यांच्या पाठीराख्यांनीच त्या घोषणेची कारणे पुरवली होती. पण घरात काय घडत होते ते वगळून फक्त मैदानावरचे सांगायचे, ही सवय कुठून आली ते तपासले पाहिजे.

रमाईंना पंढरपूरला जायचे होते, ही हकीकत सगळ्यांना माहीत आहे. बाबासाहेबांनी नकार दिला. आपल्याला लांबून हात जोडायला लावणाऱ्या पंढरीला कशाला जायचे, आपण आपली वेगळी पंढरी उभी करू, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. भाषणांत ही गोष्ट डोळे ओले करण्यासाठी सांगितली जाते. आम्हाला ती नाशिकच्या सत्याग्रहाशेजारी ठेवून वाचावीशी वाटते. मार्च १९३४ मध्ये बाबासाहेबांनी भाऊराव गायकवाडांना, म्हणजे आपल्या दादासाहेबांना, पत्र लिहून स्पष्ट केले की अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून मंदिरप्रवेशाची चळवळ सुरू केली नव्हती. ती लोकांना जागे करण्यासाठी, आपल्या जागेची जाणीव करून देण्यासाठी होती. म्हणजे जो मुद्दा त्यांनी नाशिकच्या सेनापतीला पत्रातून पटवला, तोच घरात बायकोलाही पटवायचा होता. देव सुटणे सोपे नसते. दाभोळच्या बंदरावर माशांच्या टोपल्या वाहणाऱ्या बापाच्या लेकीला तर मुळीच नाही. रमाईंची ही ओढ म्हणजे तेव्हाच्या लाखो अस्पृश्य बायकांची ओढ होती, आणि बाबासाहेबांना उत्तर द्यायचे होते ते तिलाच.

पण आपल्या कार्यक्रमांतली रमाई कशी असते? ती शेणी थापते, ती रडते, ती उपाशी राहते. त्यागमूर्ती. त्यापलीकडे तिला काही मत नाही, राग नाही, प्रश्न नाही. बाबासाहेबांनी स्वतः काय लिहिले ते पाहा. १९२८ च्या फेब्रुवारीत ‘बहिष्कृत भारत’मध्ये त्यांनी पत्राच्या कर्जाचा हिशेब समाजापुढे मांडला. त्या लेखात त्यांनी हेही लिहिले की आपण परदेशात असताना संसाराचा भार पत्नीने उचलला, त्यासाठी डोक्यावरून शेणाच्या टोपल्या वाहिल्या, आणि परत आल्यावरही आपण तिला दिवसातला अर्धा तास देऊ शकत नाही. हे कशाच्या संदर्भात लिहिले आहे? पैशाच्या, देण्याघेण्याच्या संदर्भात. त्यांनी बायकोचे कष्ट चळवळीच्या जमाखर्चात धरले होते. आपण ते तिथून उचलून देव्हाऱ्यात नेऊन ठेवले.

पाच मुलांपैकी चार मुले गेली. शेवटचा राजरत्न १९२६ मध्ये गेला. एकटे यशवंत, म्हणजे भैय्यासाहेब, वाचले.

नेत्याच्या बायकोचे काय करायचे, हे कोडे आपल्यालाच पडले आहे असे नाही. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या अमेरिकेत शिकले, तिथे राष्ट्राध्यक्षांच्या बायका हा इतिहासाचा स्वतंत्र प्रांतच आहे. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात त्यांचे पोशाख काचेच्या कपाटात मांडलेले आहेत. पोशाख सोडून माणसाकडे पाहिले तर मात्र चित्र वेगळे दिसते. अब्राहम लिंकनची बायको मेरी टॉड केंटकीतल्या गुलाम बाळगणाऱ्या घरात जन्मली. तिचे सावत्र भाऊ यादवी युद्धात गुलामगिरीवाल्या दक्षिणेकडून लढले. त्यामुळे वॉशिंग्टनमध्ये ती दक्षिणेची हेर असल्याची कुजबुज सुरू झाली. चार मुलांपैकी तीन तिच्या डोळ्यांदेखत गेली, त्यातला विली तर १८६२ मध्ये व्हाइट हाऊसमध्येच. १८६५ मध्ये नवऱ्याला तिच्या शेजारी बसलेला असताना गोळी घातली गेली. लिंकनचा वकिलीतला भागीदार विल्यम हर्नडन याने पुढच्याच वर्षी व्याख्यान देऊन लिंकनचे खरे प्रेम दुसऱ्याच मुलीवर होते असे पसरवले. आणि १८७५ मध्ये उरलेल्या एकुलत्या एका मुलाने, रॉबर्टने, तिला कोर्टातून वेडी ठरवून इस्पितळात ठेवले. पुढच्या वर्षी कोर्टाने तिला शहाणी ठरवले, पण नावाला चिकटलेले ते चिकटलेच.

याच गोष्टीत आणखी एक बाई आहे, आणि आमच्या मते खरी गोष्ट तिची आहे. मेरी लिंकनचे कपडे शिवणारी एलिझाबेथ केक्ली. गुलाम म्हणून जन्मली, शिवणकामाच्या जोरावर १८५५ मध्ये स्वतःचे आणि मुलाचे स्वातंत्र्य विकत घेतले. तो एकुलता एक मुलगा १८६१ मध्ये उत्तरेकडून लढताना मारला गेला. सहाच महिन्यांनी तिने विलीचे प्रेत धुऊन त्याला कपडे चढवले. राष्ट्राध्यक्षाच्या मुलासाठी राजधानी शोकात बुडाली. शिंपिणीच्या मुलासाठी कोण थांबले? १८६८ मध्ये तिने आत्मकथन लिहिले तर तिचीच टिंगल झाली. ज्या देशातल्या गुलामगिरीविरोधी लोकांना जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली, त्याच देशातली ही कथा आहे.

आता माईसाहेबांकडे येऊ. जन्म सारस्वत ब्राह्मण घरात, डॉ. शारदा कबीर. बाबासाहेबांची मधुमेहाने आणि मज्जातंतूंच्या दुखण्याने चाळण झाली होती. लग्नाआधी त्यांनी दादासाहेबांना पत्राने कळवले होते की तब्येतीमुळे आणि डॉक्टरांच्या सल्ल्यामुळे हा निर्णय घेत आहोत. म्हणजे नाशिकच्या माणसाला कारण आधीपासून ठाऊक होते. १५ एप्रिल १९४८ ला दिल्लीत नोंदणी पद्धतीने लग्न झाले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून बाबासाहेबांबरोबर त्यांनीही धम्मदीक्षा घेतली. ६ डिसेंबरनंतर मात्र त्या खुनी ठरल्या. मागणी झाली, सरकारने चौकशी केली, मृत्यू नैसर्गिक असल्याचा निष्कर्ष निघाला. तरीही कुजबुज थांबली नाही. आजही मोबाइलवर ती फिरते, आणि पाठवणारा स्वतःला विज्ञानवादी म्हणवतो.

काही जुने कार्यकर्ते म्हणतात, त्या बाबासाहेबांना भेटूच देत नसत. असेलही. हाच आरोप एडिथ विल्सनवर झाला. बाबासाहेब न्यूयॉर्कमध्ये शिकत असताना, डिसेंबर १९१५ मध्ये, विधुर राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सनने एडिथशी लग्न केले. (हाच तो विल्सन, ज्याच्या कारकिर्दीत सरकारी कचेऱ्यांत काळ्या कर्मचाऱ्यांना वेगळे बसवणे पसरले.) १९१९ मध्ये त्याला अर्धांगवायू झाला आणि कोणता कागद, कोणता माणूस त्याच्यापर्यंत जाईल हे एडिथ ठरवू लागली. तिच्यावर टीका करायला जागा आहे, कारण तिने देशापासून राष्ट्राध्यक्षाचा आजार लपवला. पण ती डॉक्टर नव्हती. माईसाहेब होत्या. रुग्णाला गर्दीपासून लांब ठेवणे हे डॉक्टरचे काम आहे. माणूस भेटू दिला नाही म्हणून जीव घेतला, ही उडी कशाच्या आधारावर मारायची?

आधार एकच उरतो, तिचा जन्म. आणि इथे आम्हाला आमच्याच लोकांशी भांडावे लागते. ‘जातिनिर्मूलन’मध्ये आंतरजातीय विवाहाला जातीवरचा खरा उपाय म्हणणारे बाबासाहेब आमचे, आणि त्यांनी स्वतः तसे लग्न केले तर बायकोला जन्मावरून आरोपी ठरवणारेही आमचेच. जन्मावरून गुन्हा ठरवणे हा कोणाचा कायदा आहे, हे वेगळे सांगायची गरज नाही.

बाबासाहेबांची साक्ष यापेक्षा स्पष्ट आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’साठी मार्च १९५६ मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी म्हटले आहे की हे पुस्तक लिहिण्याच्या पाच वर्षांत आपली प्रकृती अनेकदा विझत्या ज्योतीसारखी झाली, आणि ती पुन्हा पेटली ती पत्नी आणि डॉ. मालवणकर यांच्या वैद्यकीय कौशल्यामुळे. पुस्तक त्यांच्यामुळेच पूर्ण झाले. १९५७ मध्ये ग्रंथ छापला गेला तेव्हा ही प्रस्तावना त्यात नव्हती. भगवान दास यांनी ती १९८० मध्ये प्रसिद्ध केली. मधली तेवीस वर्षे लाखो लोक तो ग्रंथ प्रस्तावनेशिवाय वाचत राहिले. बाबासाहेबांचा शब्द प्रमाण मानणाऱ्या चळवळीत बाबासाहेबांचाच शब्द गाळला गेला, आणि तो नेमका एका बाईचे ऋण मान्य करणारा शब्द होता.

१९७० च्या दशकात दलित पँथरच्या तरुणांनी माईसाहेबांना पुन्हा लोकांसमोर आणले. १४ एप्रिल १९९० ला बाबासाहेबांचे भारतरत्न त्यांनीच स्वीकारले. २००३ मध्ये त्या गेल्या.

१९८९ मध्ये ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ लिहून चळवळीतल्या बायकांना त्यांच्याच तोंडून बोलते केले. काळारामाच्या सत्याग्रहात आपल्या जिल्ह्यातल्या बायका होत्या, १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांतही होत्या. मंडपातल्या फलकांवर त्यांतल्या किती जणींची नावे आहेत ते मोजा. येत्या २७ मे ला ज्यांच्या हातात माइक असेल, त्यांनी गाण्यांच्या मधल्या वेळात १९२८ चा तो लेख आणि १९५६ ची ती प्रस्तावना वाचावी. श्रोत्यांत एखादी आजी बसलेली असेल, जिची आई त्या सत्याग्रहांत होती. तिलाही माइक द्यावा आणि ती जी नावे घेईल ती तिथेच वहीत लिहून घ्यावीत.