पातोळी

पातोळी (पातोळा, अनेकवचनी पातोळ्या) : हळदीच्या पानात वाफवलेला, गूळखोबऱ्याचे सारण भरलेला तांदळाच्या पिठाचा गोड पदार्थ. कोकण व गोव्यात सर्वत्र रूढ. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर व मुरबाड या भातपिकाच्या तालुक्यांत पीठ घरचे असते. नारळ मात्र बहुधा बाजारातून येतो.

पान : हळद पावसाच्या तोंडावर लावतात. श्रावण-भाद्रपदात पाने हातभर लांब होतात, कंद काढणीला येईतो वाळतात. त्यामुळे पातोळीचा हंगाम आपोआप ठरतो. पानातील सुगंधी तेल वाफेबरोबर पिठात उतरते. केळीच्या पानात आकार साधतो, हा वास येत नाही.

कृती : तांदळाचे पीठ चिमूटभर मीठ घालून कोमट पाण्यात सैलसर भिजवतात, काही घरी तांदूळ भिजत घालून वाटतात. ओले खोबरे व गूळ आटवून त्यात वेलची घालतात. पान धुऊन त्यावर बोटांनी पिठाचा पातळ थर देतात. अर्ध्या भागावर सारण पसरून मधल्या शिरेवर उभी घडी घालतात व कडा दाबतात. मोदकपात्रात सुमारे 15 मिनिटे वाफ देतात. पानाचा हिरवा रंग मळकट झाला आणि पान न चिकटता सुटले, की पातोळी शिजली. पानाच्या शिरांची नक्षी तिच्यावर उमटते. पान काढून साजूक तुपाबरोबर खातात. पिठात किसलेली काकडी घालण्याचीही पद्धत आहे.

प्रसंग : नागपंचमीस चिरणे, तळणे व तवा ठेवणे वर्ज्य मानतात, म्हणून उकडलेले पदार्थ होतात. देशावर त्या दिवशी पुरणाची दिंडे करतात, कोकणात पातोळ्या. गौरी-गणपतीतही त्या होतात. गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबे 15 ऑगस्टच्या मारियामातेच्या सणाला करतात.

तुलना : जपानमध्ये 5 मे रोजी खाल्ला जाणारा काशिवामोची हाही तांदळाच्या पिठाचा, बहुधा गोड द्विदल सारणाचा, ओकच्या पानात गुंडाळलेला पदार्थ. त्याचेही पान खात नाहीत.

पर्यटन : मुंबई–नाशिक महामार्गावरील शहापूर व कल्याण–माळशेज रस्त्यावरील मुरबाड येथे पातोळीच्या हंगामातच पावसाळी पर्यटक मोठ्या संख्येने येतात.

टिकाऊपणा : ओल्या खोबऱ्यामुळे पातोळी टिकत नाही, त्याच दिवशी संपवावी लागते. मिठाईच्या दुकानांत ती सहसा मिळत नाही. पाहुण्याने ती श्रावण-भाद्रपदात, आदल्या दिवशी सांगून, घरगुती खानावळीतच मागावी.